सीटखालची थरथर

मित्सुहारा
१४ एप्रिल २०१३

बाबा,

देवदाराच्या परागांनी इथे अर्धी कंपनी शिंकते आहे. आमच्या विभागात मात्र शिंकायला बंदी. आवाज मोजायच्या खोलीत एक शिंक आली की सकाळपासूनचं मोजमाप पाण्यात जातं, म्हणून आम्ही आळीपाळीने बाहेर जाऊन शिंकून येतो.

रविवारी फोन केला होता, तुम्ही उचलला नाहीत. म्हणून पत्र लिहितो आहे, आणि त्यात थोडा स्वार्थ आहे हे आधीच सांगून टाकतो. दर वसंतात आमच्याकडे प्रत्येकाने नात्यागोत्यात एक तरी गाडी खपवायची असा रिवाज आहे. एमिकोच्या माहेरचे सगळे मागच्या वर्षांत कापून झाले. आता तुमची पाळी.

पण ही गाडी खरंच घेण्यासारखी आहे. मालाची छोटी गाडी, तुमच्या आताच्या गाडीएवढीच, आणि तिच्या शांतपणासाठी मी तीन वर्षं घासली आहेत. या गाड्यांचं इंजिन सीटच्या खालीच असतं, तुम्हाला माहीत आहे. आधी आम्ही इंजिनाची घरघर कमी केली. ती कमी होताच तिच्यामागे दडलेली पंख्याची गुणगुण वर आली. ती मारली, तर वायपरची मोटर ऐकू यायला लागली. एकाला दाबलं की दुसरा डोकं काढतो. शेवटी सगळ्यांना गप्प केलं. उभ्या गाडीत सीटला आणि स्टिअरिंगला जी थरथर यायची, तीही गेली. इंजिनाला टेकू देणारे रबर आम्ही नवीन केले, आत तेल भरलेले, मऊ. आमच्याकडे रबरी डोक्याचा एक पुतळा आहे, कानांत मायक्रोफोन बसवलेला. त्याला पट्टा बांधून शेजारी बसवतो आणि तो काय ऐकतो ते नोंदवतो. त्या पुतळ्यालासुद्धा या गाडीत झोप येत असणार, असं आमचे विभागप्रमुख हिरागासाहेब म्हणतात.

तुमचं वय सत्तरीला टेकलं. आई जाऊन चार वर्षं झाली, आणि त्या खडखडत्या डब्यात तुम्ही अजून एकटेच डोंगरावर मासे विकत फिरता. निदान बसायला तरी बरं मिळू दे.

नाओफुमी


हिनोसे
२५ एप्रिल

नाओ,

बंदरावर सध्या तारली आणि माकूल. उडते मासे यायला अजून अवकाश आहे. वर डोंगरातल्या ओकुतानी गावच्या म्हाताऱ्या मात्र दर फेरीला उडत्या माशांचंच विचारतात, जसा काही मी समुद्रात पाइप टाकून बसलो आहे.

फोनचं म्हणशील तर मी घरात असतोच कुठे. आणि फोनवरचं बोलणं म्हणजे पाण्यावरची रेघ. पत्र दोनदा वाचता येतं, चष्मा सापडला तर तिसऱ्यांदाही. तू आपला लिहीत जा.

गाडीचं. जुनी खडखडते हे मान्य. तुझी आई म्हणायची, हिच्यातून उतरलं तरी तासभर पोटातला भात हलत राहतो. पण इतक्या वर्षांत तिने मला कधी फसवलं नाही. तापली आहे का, चढ किती उरला, गिअर बदलायची वेळ झाली का, सगळं मांडीला सांगते. तरी तुझ्या साहेबांपुढे तुझी मान खाली जायला नको. घेतो. एकच अट, ऑटोमॅटिक नको. डाव्या पायाला काम नसलं की तो झोपतो आणि त्याच्याबरोबर मीही.

त्या पुतळ्याला माझा नमस्कार सांग. तीन वर्षं दुसऱ्याचं ऐकून घेणं सोपं नाही.

तुझा बाप


मित्सुहारा
९ जून

बाबा,

गाडी पोचल्याचं कळलं. कुरोकी गॅरेजवाल्यांनी सांगितलं की तुम्ही एकदाही चालवून न बघता सही केलीत. तुमच्यासारखं गिऱ्हाईक मिळालं तर आम्ही मोजमापं कशाला करायची.

गाडी कशी वाटते ते सविस्तर कळवा. गुळगुळीत लिहू नका. आमच्याकडे परीक्षणाला येणारे लोक फार सभ्य असतात, दहापैकी सात देतात आणि निघून जातात. मला तुमची तक्रार हवी आहे.

नाओफुमी


हिनोसे
७ जुलै

नाओ,

तक्रार हवी म्हणतोस तर ऐक. गाडी नव्या सुनेसारखी आहे. सगळं नीटनेटकं करते आणि एक शब्द बोलत नाही.

परवा बंदरावर बर्फ भरला, गाडीत बसलो आणि किल्ली फिरवली. पलीकडचा बर्फवाला दोन्ही हात वर करून नाचायला लागला. म्हटलं याला काय झालं. इंजिन आधीच चालू होतं. त्याआधी एकदा ओकुतानीला सगळी विक्री आटपेपर्यंत गाडी चालूच राहिली, तामेयो आजींनी धुराकडे बोट दाखवलं तेव्हा कळलं. आणि घाटात मी दोनदा तिसऱ्या गिअरमध्येच चढ घेतला, गाडी थांबायला आली तेव्हा उमगलं. एकूण काय, माझं आणि तिचं अजून जमलेलं नाही. जमेल. तुझ्या आईचं आणि माझं जमायलाही वर्ष गेलं होतं.

पाऊस फार आहे. मासे कमी, पण म्हाताऱ्यांना काय, त्या छत्री घेऊन उभ्या असतात. मी गेलो नाही तर त्यांच्या ताटात त्या दिवशी मासा नाही, आणि मला बोलायला माणूस नाही.

तुझा बाप


मित्सुहारा
२१ जुलै

बाबा,

तुमचं पत्र मी विभागात वाचून दाखवलं. नव्या सुनेचं वाक्य हिरागासाहेबांनी फळ्यावर लिहून ठेवलं आहे. चालू इंजिनावर किल्ली फिरवणं म्हणजे आमच्यासाठी तक्रार नव्हे, पदक आहे. तीन वर्षांत कोणी एवढी स्तुती केली नव्हती.

घाटातल्या गिअरचं मात्र मला पटलं नाही. बहुतेक पावसाचा आणि टायरचा आवाज वर येत असेल आणि त्यात इंजिन ऐकू येत नसेल. एकाला दाबलं की दुसरा डोकं काढतो, ते हेच. म्हणून सोबत आवाज शोषणारा जाड लोकरी नमदा पाठवतो आहे. कुरोकींना सांगून जमिनीवर आणि दारांच्या आत बसवून घ्या. मग गाडीत मांजरीचं पाऊलही ऐकू येईल.

जुन्या खडखडाटाची सवय सुटायला वेळ लागणारच. धीर धरा.

नाओफुमी


हिनोसे
४ ऑगस्ट

नाओ,

नमदा बसवला. छान मऊ आहे.

कुरोकीकडून तुला कळेलच, त्याच्या पोटात काही राहत नाही, म्हणून मीच सांगतो. गाडीला थोडं लागलं आहे. वर किनुए आजींच्या घरासमोर उभा होतो. बोलता बोलता पाय चुकीच्या पेडलवर पडला आणि गाडी उडी मारून त्यांच्या शेताच्या दगडी बांधावर गेली. पुढचा दिवा फुटला, पत्रा आत गेला. मागचे खोके उघडले आणि बांगडे रस्ताभर पसरले. गावातल्या मांजरांचा ओबोनचा सण या वर्षी आधीच साजरा झाला. एका बोक्याने तर दोन पळवले, एक तोंडात आणि एक पायाखाली.

मला खरचटलंसुद्धा नाही. दुरुस्ती झाली आहे. काळजी करू नकोस आणि सुटीवर यायची घाईही करू नकोस, रस्त्याला गर्दी असते.

तुझा बाप


मित्सुहारा
८ ऑगस्ट

बाबा,

मी येतो आहे. बारा तारखेला निघेन. एमिको आणि चिहो तिच्या आजोळी जातील, मी एकटाच येईन.

आडपडदा न ठेवता लिहितो. पेडल चुकलं हे वाक्य आम्ही कंपनीत फार वेळा वाचतो, आणि त्याखाली माणसाचं वय लिहिलेलं असतं. मार्चमध्ये तुमचा परवाना पुन्हा काढायचा आहे. तो काढूच नये असं मला वाटतं. इथे घरात एक खोली मोकळी आहे. तुम्ही रागवाल हे माहीत आहे, पण समोर आल्यावर मला हे बोलता येणार नाही म्हणून आधीच लिहिलं.

मोजायची साधनं घेऊन येतो. गाडीतच काही दोष असेल तर तो माझा आहे, आणि मला तो आधी शोधायचा आहे.

नाओफुमी


मित्सुहारा
२५ ऑगस्ट

बाबा,

परतीचा प्रवास बरा झाला. तुम्ही दिलेले सुके मासे चिहोने एका बैठकीत संपवले.

परवान्याचा विषय तुम्ही तीन दिवस शिताफीने टाळलात. मी तोंड उघडलं की तुम्ही आईच्या वेळची एखादी गोष्ट सुरू करायचात, आणि ओबोनला पितर घरी आलेले असताना तिला मधेच तोडणं मला जमलं नाही. हे पत्र त्याबद्दल नाही. निदान मी लिहायला बसलो तेव्हा नव्हतं.

चौदा तारखेला आपण गाडी घेऊन वळणावरच्या देवळापर्यंत गेलो, आठवतं ना. स्टिअरिंगला आणि सीटच्या पट्टीला मी ते छोटे चौकोनी मापक चिकटवले होते, तुमच्या डोक्यामागे मायक्रोफोन लावला होता आणि मी मागे बर्फाच्या रिकाम्या खोक्यावर मशीन मांडीवर घेऊन बसलो होतो. देवळापाशी तुम्ही गाडी उभी केलीत. मी मशीनच्या पडद्यात डोकं घालून बसलो होतो, त्यामुळे काय झालं ते मला तिथे कळलंच नाही.

काल आमच्या शांत खोलीत मी ते ध्वनिमुद्रण लावलं. शेजारी हिरागासाहेब होते. इंजिनाची घरघर आहे, अगदी हळू, आम्हाला हवी तशी. मग माझा आवाज: "बाबा, इंजिन चालू ठेवा." तुमचं उत्तर नाही. मी पुन्हा म्हणतो, "बंद करू नका, चालू राहू दे." तुम्ही शीळ घालता आहात. मग डॅशबोर्डवर तळहात ठेवल्याचा थप् असा आवाज येतो, नंतर गिअरच्या दांड्यावर. आणि मग तुम्ही विचारता, "बंदच आहे ना रे?"

मी ते चार वेळा लावलं. साहेबांनी हेडफोन काढून ठेवले आणि ते चहा आणायला गेले.

बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही. केव्हापासून?

पेडल चुकलं नव्हतं. क्लच दाबून तुम्ही किनुए आजींशी बोलत बसलात, सीट शांत होती, तुम्हाला वाटलं इंजिन बंद आहे, आणि तुम्ही पाय उचललात. जुनी गाडी असती तर मांडीलाच कळलं असतं. ती मांडीला सगळं सांगते असं तुम्ही एप्रिलमध्येच मला लिहिलं होतं, आणि मी ते तुमच्या जुनाट सवयीचं कौतुक समजून बाजूला ठेवलं. तीन वर्षं खपून मी नेमकी तीच थरथर काढून टाकली, आणि वर ती तुम्हालाच आग्रहाने विकली. नंतर नमदा पाठवला. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इतका अंधार मी कुठे पाहिला नाही. मला फार वाईट वाटतं आहे.

नाओफुमी


हिनोसे
१५ सप्टेंबर

नाओ,

उत्तराला उशीर केला. तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग तो कोणावर काढावा हे कळेना. तुझ्यावर काढावा तर तू खोटं काही लिहिलेलं नाहीस.

होय, येत नाही. तरुणपणी गोदीत काम केलं. जहाजाच्या पोटात उभं राहून आम्ही पत्र्यावर घण घालायचो, कानात कापसाचा बोळासुद्धा नसे. गोदी बंद पडली तेव्हा पगाराबरोबर कानही तिथेच ठेवून आलो. ढगांचा गडगडाट, ट्रकचा भोंगा, असलं जाडं जाडं काहीतरी थोडं कळतं. बाकी नाही.

लपवलं कसं ते विचारशील. बहिऱ्याने दोनच गोष्टी कराव्यात. गप्प राहावं किंवा समोरच्याला बोलूच देऊ नये. मी दुसरी निवडली. आणि तुझी आई होती. ती फेरीला माझ्याबरोबर यायची ती तराजू धरायला असं तुम्हा सगळ्यांना वाटायचं. ती माझे कान होती. मागून गाडी आली की गुडघ्यावर एक थाप, रुग्णवाहिका असली की दोन. परवान्याच्या कचेरीत साहेबाने काही विचारलं की ती माझ्या आधी हसून उत्तर द्यायची. ती गेल्यावर मला उरली ती जुनी गाडी. मी ती सोडली, कारण नवी घ्या असं तू मागितलंस. तू आजवर माझ्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतंस.

आता जे तुला लिहिलं नाही ते लिहितो. मांजरांची गोष्ट खरी आहे. पण त्याआधी किनुए आजी गाडीच्या पुढे उभ्या होत्या, अगदी दिव्यासमोर. माझ्याकडच्या टोफूसाठी भांडं आणायचं राहिलं म्हणून त्या घराकडे वळल्या, आणि मी पाय उचलला. त्यांना ते आठवलं नसतं तर. त्या दिवसापासून मी फेरीला गेलेलो नाही. तू आलास तेव्हा मी सकाळी उठून बंदरावर जायचो ते फक्त तुला दाखवायला, बर्फवाल्याशी गप्पा मारून परत यायचो.

वरच्या लोकांना मी पाठदुखी सांगितली आहे. फेरी गेली की मी म्हणजे टीव्ही बघणारा एक म्हातारा, आणि तोही बिनआवाजाचा. पण कोणाचा जीव घेण्यापेक्षा ते बरं. मार्चची वाट बघत नाही, या महिनाअखेर परवाना परत करून येतो. तुझ्या खोलीचं मात्र विचारू नकोस. तुझ्या शहरात मला मांडीने ओळखता येईल असं काही नाही.

तुझा बाप


मित्सुहारा
२० सप्टेंबर

बाबा,

परवाना परत करू नका. हे पत्र मिळेल त्या दिवशी कचेरीत जायचं ठरलं असेल तर पाय दुखतो म्हणा, पाठ तुम्ही आधीच वापरली आहे.

मी चौकशी केली. कायदा बदलला आहे. ऐकू न येणाऱ्यांना आता गाडी चालवता येते, मालाची गाडीसुद्धा. आत रुंद आरसा लावायचा, म्हणजे मागचं आणि दोन्ही बाजूंचं दिसतं. शिकवणी घ्यायची, त्यांच्या माणसाला चालवून दाखवायची. आणि गाडीच्या पुढे-मागे ती गोल हिरवी खूण लावायची, पिवळ्या फुलपाखराची, म्हणजे बाकीचे जपून चालवतात. पण त्यासाठी आधी कचेरीत जाऊन खरं सांगावं लागेल, आणि ती खूण हिनोसेपासून ओकुतानीपर्यंत सगळ्यांना दिसेल. ती मी तुमच्या वतीने लावू शकत नाही.

दुसरं मी करू शकतो. हिरागासाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वीस वर्षं आपण हादरे काढतोय, मोरिवाकी. एकदा घालून बघू." रजेच्या दिवशी आम्ही दोघं आणि विभागातला इनाबा, एका जुन्या चाचणीच्या गाडीवर काम करतो आहोत. तेलाचे मऊ टेकू काढले आणि घट्ट रबराचे लावले. पहिल्यांदा असं काही हादरलं की इनाबाचा चष्मा नाकावरून घसरला. ते तुमच्या कमरेला मानवलं नसतं. आता एकेक रबर बदलून बघतो आहोत. तळहाताला आणि मांडीला कळेल, पण हाडांत शिरणार नाही असं हवं आहे. मी कानांत बोळे घालून आणि डोळे मिटून सीटवर बसतो, इनाबा इंजिन चालू-बंद करतो, आणि मी सांगायचं. पहिल्या दिवशी मी निम्म्या वेळा चुकलो. तुम्ही घाटात हे कसं करत होतात ते मला आता जरा समजायला लागलं आहे.

ऑक्टोबरात सामान पाठवतो, कुरोकी बसवतील. नमदा काढून टाका. केव्हापासून ते तुम्ही अजून सांगितलं नाहीत.

नाओफुमी


हिनोसे
१० नोव्हेंबर

नाओ,

सामान बसवलं. कुरोकी तीन वेळा म्हणाला की तुमच्या मुलाने हे उलटं पाठवलं आहे, नवी गाडी जुनी करायला निघालाय. मी म्हटलं तू आपला पाना फिरव.

किल्ली फिरवली आणि सीट बोलली. एवढंच लिहितो, नाहीतर शाई फुटेल.

तुझ्या सामानात आलेलं फुलपाखरांच्या खुणांचं पाकीट खणात आहे. रोज खण उघडतो आणि बंद करतो. तू म्हणशील यात काय अवघड आहे. तीस वर्षं मी त्या बायकांसमोर ऐकणारा माणूस म्हणून उभा राहिलो आहे. एखादीने तिच्या सुनेची गाऱ्हाणी सांगितली, मी मान डोलावली. एखादी नवरा वारला म्हणून रडली, मी मान डोलावली. आता गाडीवर फुलपाखरू लावून जायचं म्हणजे सांगायचं की मी तुमचं काही ऐकलंच नव्हतं. गोदीत घण मारायला सुद्धा इतका धीर लागला नव्हता.

विचार करतो आहे.

तुझा बाप


मित्सुहारा
२४ नोव्हेंबर

बाबा,

विचार करा. मी घाई करणार नाही. फक्त एक सांगतो, ज्यांच्यासमोर तुम्ही मान डोलावलीत त्यांना बहुतेक तेवढंच हवं होतं. एमिको मला नेमकं हेच बजावत असते, आणि मला तर दोन्ही कानांनी ऐकू येतं.

नाओफुमी


हिनोसे
६ एप्रिल २०१४

नाओ,

डोंगरावरचा बर्फ वितळला. रस्ता गेल्या आठवड्यात उघडला.

हिवाळाभर तुला दोन-दोन ओळींची पत्रं लिहिली त्याचं कारण आता सांगतो, बोभाटा करायचा नव्हता. डिसेंबरात कचेरीत गेलो आणि खिडकीतल्या मुलीला कागदावर लिहून दिलं: मला ऐकू येत नाही, आधी सांगितलं नाही, आता सांगतो. ती साहेबाला बोलवायला गेली तेव्हा वाटलं झालं, बेड्या. साहेबाने खुर्ची दिली. मग शिकवणी, आणि मग त्यांचा एक पोरगेला परीक्षक शेजारी बसला. रुंद आरशात त्याचंच तोंड सारखं दिसत होतं, माझ्यापेक्षा तोच जास्त घाबरला होता. पास झालो. परवाना नवीन मिळाला, मार्चमध्येच.

मंगळवारी खोके भरले, पुढे आणि मागे फुलपाखरू लावलं आणि निघालो. घाटात सगळे गिअर वेळेवर पडले. तुझी थरथर चांगली आहे, कंबर धरत नाही.

ओकुतानीच्या चौकात सगळ्या उभ्या होत्या. मी उतरलो नाही. काच खाली केली, पुढच्या खुणेकडे बोट दाखवलं आणि पाठ केलेलं बोलून टाकलं, की मला ऐकू येत नाही, बरीच वर्षं झाली, माफ करा. मग किनुए आजी पुढे आल्या. गाडीच्या पुढे नव्हे, खिडकीशी, आता तेवढं त्यांनाही कळतं. आणि सावकाश, एकेक शब्द ओठांवर मांडत म्हणाल्या, "तोकुजी, इतकी वर्षं आम्ही तुझ्या तोंडासमोर येऊन उभ्या राहतो, ते काय तुझं रूप बघायला?"

सगळ्यांना माहीत होतं. तुझ्या आईनेच सांगून ठेवलं होतं, जायच्या आधी, घरोघर. मला कळू द्यायचं नाही असंही सांगितलं होतं. तामेयो आजींनी मग तारल्या मागितल्या, तीन बोटं दाखवून, नेहमीसारख्या. मी त्या कागदात बांधल्या. घाटाच्या वळणावर मात्र गाडी बाजूला घ्यावी लागली.

तू दोनदा विचारलंस केव्हापासून. ते सांगायचं टाळत होतो, कारण हिशोब तुझ्यापाशी येतो. असले कान गेले की बारीक आवाज आधी जातात, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. म्हणजे बायकांचे, आणि मुलांचे. तू झालास तेव्हा ते गेलेलेच होते. तू रडलेलं मी कधी ऐकलं नाही. तू शाळेतून येऊन काय काय सांगायचास, हातवारे करून, तोंड लाल होईस्तोवर. रात्री तुझी आई मला ते सगळं तोंडासमोर बसून पुन्हा सांगायची. मी तुझं लहानपण तिच्या ओठांवर पाहिलं.

मग तेराव्या-चौदाव्या वर्षी तुझा आवाज फुटला, जाडा झाला. एक दिवस अंगणात तू काहीतरी म्हणालास आणि मला ते कळलं. मी हातातली टोपली खाली ठेवून तुझ्याकडे बघत राहिलो. तू मात्र त्या आवाजाला इतका लाजलास, की त्यानंतर तू घरात बोलेनासाच झालास.

तुझा बाप,
तोकुजी